अडीच लाखांचा बूटकॅम्प, चोवीस हजारांचा पगार

हे प्रकरण माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचं आहे. वय बत्तीस, शिक्षण बी.एस्सी., विषय संख्याशास्त्र. लग्न झालेलं, मुलगी दुसरीत, घर जुळे सोलापुरात आणि घरावर कर्ज. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टेरी टॉवेलच्या एका कारखान्यात ती तपासणी आणि डिस्पॅचच्या नोंदी सांभाळते. जून २०२४ मध्ये तिने डेटा सायन्सचा नऊ महिन्यांचा ऑनलाइन बूटकॅम्प, म्हणजे नोकरीच्या तयारीचा झटपट कोर्स, घ्यायचं ठरवलं, घेतला, पुरा केला. तिचं, कारखान्याचं आणि कोर्सवाल्या संस्थेचं नाव मी देत नाही. आकडे तिचेच आहेत आणि तिला विचारून दिले आहेत.

संख्याशास्त्र शिकवणाऱ्या माणसाकडे सोलापुरात हा प्रश्न हल्ली फार येतो. ‘सर, डेटा सायन्स करू का?’ विचारणारे बहुतेक इंजिनिअरिंग झालेले असतात. काही बँकेत कारकून, काही औषध कंपनीचे प्रतिनिधी. सरसकट उत्तर देता येत नाही, म्हणून एकच प्रकरण नीट उलगडून मांडतो.

तिच्या हातात महिन्याला २४,००० रुपये पडत होते. नवरा पतसंस्थेत, त्याचे तीसेक हजार. कारखान्यात पगारवाढ म्हणजे दिवाळीनंतर हजार-बाराशे, तीही मालकांचा मूड असेल तर. मावसभाऊ पुण्यात आयटीत. लग्नाकार्यात भेटला की त्याचा पगार कुणीतरी मोठ्याने सांगणारच. अशातच मोबाइलवर जाहिरात आली, तिने फॉर्म भरला आणि अर्ध्या तासात ‘काउन्सेलर’चा फोन आला. हा काउन्सेलर म्हणजे विक्रेता, हे तिला तेव्हाही कळत होतं. पण तो तिच्याशी ज्या आदराने बोलला तसं कारखान्यात दहा वर्षांत कुणी बोललं नव्हतं, असं ती म्हणाली. या धंद्यात याचा वाटा मोठा आहे. माणूस जिथे अडकलेला असतो, नेमक्या तिथल्या भाषेत हे लोक बोलतात.

फी २,१०,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३७,८००. एकूण २,४७,८००. अठरा महिन्यांचे ‘नो कॉस्ट’ हप्ते, दरमहा सुमारे १३,७६७. पगारातले निम्म्याहून जास्त पैसे हप्त्यालाच. एकरकमी भरले तर पंचवीस हजारांची सूट होती, म्हणजे नो कॉस्टची किंमत तिथे दिसतच होती. सवलत रात्री बारापर्यंतच. ती रात्री बाराची सवलत दुसऱ्या दिवशी सकाळीही होती आणि पुढच्या आठवड्यातही, कारण तिने तेवढे दिवस मुद्दाम थांबून पाहिलं.

मी तिला आधी कर्जाचा कागद वाचायला लावला. हप्ते संस्थेला जात नव्हते, एका वित्त कंपनीला जात होते. त्या कंपनीने संस्थेला पूर्ण फी आधीच मोजलेली असते. विद्यार्थ्याने मध्येच कोर्स सोडला, शिकवणं आवडलं नाही, बॅच बदलली, काहीही झालं तरी हप्ता चालूच राहतो आणि चुकला तर सिबिलला डाग लागतो. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये डिजिटल कर्जांसाठी नियम घातले. कर्जाचा सगळा खर्च एका पानावर लिहून दिला पाहिजे आणि विचार बदलला तर सुरुवातीच्या ठरावीक दिवसांत दंडाविना बाहेर पडता आलं पाहिजे, हे त्यात आहे. ते पान तिने मागितलं. काउन्सेलर म्हणाला, ‘मॅडम, ते कोणी वाचत नाही.’ तिने वाचलं.

मग जाहिरातीतला आकडा. ‘८० टक्के प्लेसमेंट’. हे ८० टक्के कशाचे, हा प्रश्न मी वर्गात पहिल्या तासाला विचारतो. समजा १२० जण दाखल झाले. त्यातले ७० शेवटपर्यंत टिकले. हजेरी, सगळे असाइनमेंट, चाचणीत गुण, भारतात कुठेही जायची तयारी अशा अटी लावून ५० जण ‘पात्र’ ठरले. त्यातल्या ४० जणांना काही ना काही नोकरी लागली. पन्नासात चाळीस म्हणजे ८० टक्के, आणि दाखल झालेल्या एकशे वीसात चाळीस म्हणजे ३३. दोन्ही आकडे खरे. जाहिरातीत कुठला छापायचा हे कुणी सांगायला नको. पॅकेजचंही तेच. सरासरी काढताना दोन-चार आयआयटीवाले आत असले की सरासरी फुगते. मधला माणूस कुठे उभा आहे ते बघायला मध्यक लागतो, आणि मध्यक एकाही माहितीपत्रकात मला आढळलेला नाही. ती कोर्सच्या मध्यावर असताना, नोव्हेंबर २०२४ मध्ये, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. नोकरीची हमी, निवडीचे खोटे दावे यांना त्यात मनाई आहे. ‘गॅरंटी’च्या जागी ‘असिस्टन्स’ हा शब्द मात्र त्याआधीच सगळीकडे येऊन बसला होता.

हे सगळं ऐकून ती म्हणाली, ‘सर, कळलं. पण फुकटचे कोर्स मी दोनदा सुरू केलेत. पाचव्या व्हिडिओच्या पुढे गेले नाही. रोज नऊला कुणीतरी हजेरी घेतली तरच माझं होणार.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. एनपीटीईएल या सरकारी खर्चाने चालणाऱ्या ऑनलाइन मंचावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम फुकट बघता येतात, प्रमाणपत्र हवं तर परीक्षेची किरकोळ फी. आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी २०२० पासून चालू आहे, तिथे जेईई लागत नाही. ज्याला स्वतःहून बसता येतं त्याने बूटकॅम्पकडे बघूही नये, हे माझं मत आजही आहे. पण बसता न येणारेच जास्त असतात. नोकरी, सासूबाईंची औषधं, मुलीचा अभ्यास आणि चार-पाच दिवसांआड येणारं नळाचं पाणी. पाण्याचा दिवस आणि क्लासचा दिवस एकत्र आला की मोटर लावून, कानात इअरफोन घालून ती ‘ग्रेडियंट डिसेंट’ ऐकायची. नवऱ्याने पहिले दोन महिने कुरकुर केली. नंतर पाणी भरायचं काम त्याच्याकडे गेलं.

अभ्यासक्रम होता असा: पायथॉन सहा आठवडे, संख्याशास्त्र दोन आठवडे, मग तक्त्यांतली माहिती शोधायची भाषा एसक्यूएल, आलेख-अहवालांचं पॉवर बीआय, मशीन लर्निंग आणि शेवटी डीप लर्निंगला ओझरता स्पर्श. संख्याशास्त्राला दोन आठवडे! आम्ही तीन वर्षं शिकवतो तरी मुलांच्या डोक्यात पी-व्हॅल्यू नीट बसत नाही. तिला ते अवघड गेलं नाही, कारण पाया होता. पण तिच्याच बॅचमधल्या बी.कॉम.वाल्यांनी सूत्रं पाठ केली आणि पुढे ढकलली. पायथॉनमध्ये ती सुरुवातीला अडखळली. एसक्यूएल मात्र पहिल्याच दिवशी आलं. ऑर्डरचा तक्ता, डिस्पॅचचा तक्ता आणि दोन्हीत समान असलेला लॉट नंबर: हे ती दहा वर्षं वहीत करतच होती.

सरावाचे प्रकल्प म्हणजे टायटॅनिकच्या प्रवाशांची यादी, आयरिस फुलांची मापं आणि घरांच्या किमती. टायटॅनिकच्या सरावाच्या फाइलमध्ये ८९१ ओळी आहेत, आयरिसमध्ये १५० फुलं, तीही १९३६ पासून सगळं जग वापरतंय. शिकायला ठीक. पण बॅचमधल्या सगळ्यांच्या बायोडेटात तेच तीन प्रकल्प असले, तर नोकरी देणाऱ्याने निवड कशावरून करायची? शेवटचा मोठा प्रकल्प मनाचा घ्यायची मुभा होती. मी तिला एवढंच म्हटलं, की तुझ्या टेबलावर रोज पडतंय ते घे. मालकांची लेखी परवानगी काढ, गिऱ्हाइकांची नावं काढून टाक.

तिच्या टेबलावर टॉवेलची वजनं पडत होती.

टॉवेलचा सौदा जीएसएमवर होतो, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम. ७० बाय १४० सेंटिमीटरचा टॉवेल ०.९८ चौरस मीटरचा. ऑर्डर ४५० जीएसएमची असेल तर नग ४४१ ग्रॅमचा भरला पाहिजे. कमी भरला तर गिऱ्हाईक पैसे कापतं, जास्त भरला तर सूत फुकट गेलं. जास्त गेलेल्या सुताची तक्रार कुणीच करत नाही, म्हणून ते कुणाला दिसत नाही. तिच्या नोंदींत या मापाची सरासरी ४५५ ग्रॅम निघत होती. जादा नगामागे १४ ग्रॅम. हजार डझनांच्या ऑर्डरला १२,००० नग, म्हणजे १६८ किलो सूत. किलोला अडीचशे रुपये धरले तर ४२,००० रुपये, एका ऑर्डरीला.

वजन का वाढतं हे शोधायचं होतं. पहिल्या मॉडेलने सांगितलं, सगळ्यात महत्त्वाचा घटक ‘महिना’. बंगळुरूहून ऑनलाइन येणारा मेंटॉर खूश झाला, म्हणाला छान सीझनॅलिटी, म्हणजे ऋतूप्रमाणे होणारी चढउतार, मिळाली. ही हसली. कापसाचं सूत हवेतला ओलावा पितं. व्यापारात ८.५ टक्के ओलावा धरूनच सुताचा हिशोब होतो. सोलापूरच्या एप्रिलमध्ये हवा कोरडी ठणठणीत, ऑगस्टमध्ये दमट. तोच टॉवेल ऑगस्टमध्ये काही ग्रॅम जास्त भरणार. त्यात सूत वाया गेलेलं नाही, पाणी मोजलं गेलं आहे. तिने तपासणी खोलीतल्या आर्द्रतेच्या नोंदी जोडून तो फरक बाजूला केला.

दुसरा अडथळा तारखांचा. काही फाइलींत ३/४ म्हणजे तीन एप्रिल, आणि पायथॉन वाचतं ४ मार्च. हे सगळ्यांनाच भोवतं आणि लवकर सापडतं. सापडत नव्हतं ते वेगळंच. वजनाची नोंद आणि कुठल्या लूमवर (मागावर) कुणाची पाळी होती ही नोंद जोडली की तिसऱ्या पाळीचे आकडे वेडेवाकडे यायचे. तिसरी पाळी रात्री अकरा ते सकाळी सात. पाळीच्या रजिस्टरमध्ये पूर्ण रात्र आदल्या दिवसाच्या तारखेला लिहितात, ही गिरण्यांच्या काळापासूनची पद्धत. वजनकाट्याला जोडलेला संगणक मात्र रात्री बारा वाजता तारीख बदलतो. म्हणजे मध्यरात्रीनंतरचे सगळे टॉवेल उद्याच्या पाळीच्या नावावर चढत होते. तिने काट्यावरच्या प्रत्येक वेळेतून सात तास वजा केले. सकाळी सातला दिवस सुरू होतो असं संगणकाला पटवलं, आणि नोंदी जुळल्या. एका ओळीचा कोड. तो लिहायला बूटकॅम्प लागला, पण लिहायचा हे सुचायला कारखान्यातली दहा वर्षं लागली.

उत्तर शेवटी साधं निघालं. पाइल बीम, म्हणजे टॉवेलच्या लूपचं सूत गुंडाळलेला रूळ, बदलल्यावर पहिल्या पाळीत, ठरावीक लूमवर, वजन चढतं. बीमचा ताण जॉबर, म्हणजे माग लावून देणारा कामगार, हाताच्या अंदाजाने लावतो. ताण सैल राहिला की टॉवेलचे लूप उंच होतात आणि सूत जास्त जातं. हे दाखवायला रँडम फॉरेस्टसारखं मोठं मॉडेल लागलं नाही. गटवार सरासरी आणि एक आलेख पुरला. कारखान्यातले जुने जॉबर आलेख बघून म्हणाले, ‘हे मला विचारलं असतंस तर मीच सांगितलं असतं की पोरी.’ तिने उत्तर दिलं, ‘सांगितलं असतंत मामा, पण किलो किती ते सांगितलं नसतंत.’

प्रमाणपत्र मार्च २०२५ मध्ये मिळालं आणि नोकरीचा शोध सुरू झाला. हा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो सगळ्यांचा सारखाच असतो. प्लेसमेंट विभागाने पाठवलेल्या पहिल्या काही जागा ‘बिझनेस डेव्हलपमेंट’च्या निघाल्या, म्हणजे दुसऱ्यांना कोर्स विकायच्या. तिने नकार दिला, तर तिच्या नावापुढे ‘निवड नाकारली’ असा शेरा पडला. शेरा पडला की प्लेसमेंटच्या टक्केवारीतून नाव बाहेर. बाकी ठिकाणी दोन वर्षांचा अनुभव हवा.

काळही वाईट होता. २०२१ च्या भरतीचा जोर ओसरून गेला होता. एकट्या टीसीएसची मनुष्यसंख्या २०२३-२४ या वर्षात १३,२४९ ने घटली होती. बूटकॅम्प ही कल्पना जिथे २०१२ च्या आसपास फोफावली त्या अमेरिकेत डेव्ह बूटकॅम्प ही सुरुवातीची संस्था २०१७ मध्येच बंद पडली. टूयू या कंपनीने २०१९ मध्ये ट्रिलॉजी नावाचा बूटकॅम्पचा धंदा ७५ कोटी डॉलरना विकत घेतला आणि २०२४ च्या डिसेंबरात आपण बूटकॅम्प थांबवत असल्याचं जाहीर केलं. नवशिक्याकडून पूर्वी करून घ्यायचा तो साफसफाईचा साधा कोड आता चॅटजीपीटी लिहून देतं, हेही आहेच. विक्रेत्यांचं पुण्या-बंगळुरूचं चित्र पाच वर्षांपूर्वीचं होतं आणि हप्ता आजचा.

पुण्यातल्या एका कंपनीत मात्र मुलाखत रंगली. घरगुती कापडाच्या पुरवठ्याचं काम करणारी कंपनी. मुलाखत घेणाऱ्याने टायटॅनिककडे बघितलंही नाही. अर्धा तास तो त्या ‘सात तास वजा’ करण्यावरच बोलला. ऑफर आली: डेटा ॲनालिस्ट, वर्षाला ५.२ लाख, हातात अडतीसएक हजार. पद डेटा सायंटिस्टचं नव्हतं, आणि बूटकॅम्पवरून थेट त्या पदावर गेलेलं करिअर बदलणारं कुणी माझ्या पाहण्यात नाही. सुरुवात ॲनालिस्ट किंवा एमआयएसपासूनच, म्हणजे नोंदींवरून अहवाल काढण्यापासूनच, होते. अट आठवड्यातून तीन दिवस हिंजवडीत हजर राहायची. सोलापूर-पुणे अडीचशे किलोमीटर. वंदे भारत फेब्रुवारी २०२३ पासून धावते, हुतात्मा तर जुनीच, पण पुणे स्टेशनवर उतरल्यावर हिंजवडी आणखी तासभर लांब. आठवड्यातून तीनदा असं जाणं-येणं दुसरीतली मुलगी घरी असताना होत नाही. तिकडे वन बीएचके बघितलं, भाडं अठरा हजार सांगितलं. नवऱ्याची नोकरी इथे. अडतीसातून अठरा गेले की वीस उरतात. हातात आहेत त्याहून कमी पगारासाठी घर मोडायचं, असा तो हिशोब होता.

ऑफरचं पत्र घेऊन ती मालकांकडे गेली. सोबत वजनाचा आलेख आणि मागच्या वर्षात गेलेल्या जादा सुताचे किलो. मालक आलेखाकडे बघत होते की पत्राकडे, ते तिला सांगता येत नाही. ऑगस्ट २०२५ पासून पगार ३५,०००, पद ‘एमआयएस आणि गुणवत्ता प्रमुख’, आणि पाइल बीम बदलल्यावर पहिल्या तासाला दहा नग तोलायची नवी शिस्त.

आता हिशोब. वाढ दरमहा ११,०००. खर्च २,४७,८००. भागाकार केला तर साडेबावीस महिने, म्हणजे २०२७ च्या जूनपर्यंत कोर्सचे पैसे वसूल होतील. त्याआधीची नऊ महिन्यांची अभ्यासाची रात्रपाळी यात धरलेली नाही. हप्ते डिसेंबर २०२५ मध्ये संपले. माझ्या मते यातले दोन लाख हजेरीचे आणि पन्नास हजार शिकवण्याचे. ती म्हणते, मालकांच्या केबिनचं दार ढकलायचं धाडस त्या पैशांत आलं, त्याचं मोल सरांनी धरलेलं नाही. असेलही. पुण्याचं पत्र नसतं तर ते दार उघडलं असतं का, याबद्दल मला शंका आहे, आणि पत्र यायला बायोडेटावर प्रकल्प हवा होता. प्रकल्पाचा डेटा कारखान्याचा, मुदत आणि धाक बूटकॅम्पचा.

तिच्याच बॅचमध्ये पंढरपूरकडचा एक इंजिनिअर होता. वय चोवीस, जबाबदारी नाही, तो पुण्यात लागला. एक बँक कर्मचारी होता, त्याने कोर्सला वेळ मिळावा म्हणून नोकरीच सोडली. तो अजून शोधतोय आणि हप्ते वडिलांच्या पेन्शनमधून गेले. कोर्स तिघांचा एकच होता. हातातली नोकरी सोडून बूटकॅम्प करू नका, हे मी आता विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. आणि तुमच्या आजच्या कामात कुठली वही, कुठलं रजिस्टर पडून आहे ते आधी दाखवा म्हणतो. काही नाही दाखवलं तर कोर्सबद्दल पुढे बोलतच नाही.

मालकांना आता दुसऱ्या युनिटच्याही नोंदी संगणकावर हव्या आहेत. तिने सहायक मिळेपर्यंत काम घेणार नाही असं सांगितलं, आणि शिवण विभागातली बारावी झालेली एक मुलगी मागून घेतली. तिला एसक्यूएल कसं शिकवायचं यावर आमचा थोडा वाद झाला. मी म्हटलं, एनपीटीईएलवर फुकट आहे, बघू दे. ती म्हणाली, ‘सर, समोर कुणी बसलं नाही तर ती पाचव्या व्हिडिओला थांबणार.’ सध्या मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सातला मी कारखान्याच्या ऑफिसात बसतो. पाण्याचा दिवस असला तर साडेसातला.